ओ

पार्नूच्या पूर्वेला, दलदलीच्या काठी
मोजणी-केंद्राच्या लाकडी खोलीत
लेहते बसली आहे, पायात अजून रबरी बूट.
एक्केचाळीस विहिरी.
विहिरी कसल्या, कुजट मातीत खुपसलेले पाइप.
विकीवर प्रत्येकीचं एक पान.

तिने मॅक्रो लिहिला, अकरा ओळींचा:
ज्या पानावर ठेवतील त्याचं नाव घे,
त्या विहिरीचं पाणी काढ, छाप.
चालवला,
तर एक्केचाळीस पानांवर एकच नाव,
मॅक्रोचं स्वतःचं.
"तू कुठे आहेस?" विचारलं,
त्याने जन्मगाव सांगितलं.

म्हणजे हाक ऐकू येते, पण कुठून ते कळत नाही.
तिने एकच ओळ बदलली:
स्वतःला विचारू नकोस,
ज्याने बोलावलं त्याला विचार.
सतराच्या पानावर सतरा आलं.
तीनच्या पानावर तीन.
तिने बूट काढले.

मग उर्मासने सगळी पानं एकाखाली एक जोडून
सोमवारचा गोषवारा केला
आणि मॅक्रो एक्केचाळीस वेळा म्हणाला,
मी गोषवारा, मी गोषवारा.
तसं त्याचं चुकलं नव्हतं.
उघडं पान तेच होतं.
बोलावणारं पान एक, वाचलं जाणारं दुसरं,
आणि "इथे" हा शब्द मधला साकव,
पाय ठेवला की हलणारा.

कॉफी गार झाली.

खालच्या खणात एंडेलच्या वह्या,
ओलीने फुगलेल्या, पेन्सिलीच्या.
तो जाऊन तीन हिवाळे झाले.
त्याच्या नोंदी अशा:
इथे कोपरापर्यंत.
इथे बर्फ, काठी जात नाही.
इथे, नेहमीसारखंच.

इथे म्हणजे कुठे, ते लिहिलेलं नाही.
तो तर उभाच होता तिथे, गुडघाभर पाण्यात,
सांगायचं कुणाला?

लेहतेच्या भाषेत झाडाचं पान आणि वहीचं पान
एकाच शब्दात राहतात, आपल्यासारखेच,
आणि तिचं नाव त्या शब्दाच्या घरचं.
लहानपणी मुलं चिडवत:
लेहते, उलट. लेहते, फाट.

वही उलटताना काहीतरी मांडीवर पडलं.
बुटक्या बर्चचं पान,
नाण्याएवढं, कडेला दातेरी, तपकिरी.
ते झुडूप या दलदलीत एकाच जागी आहे,
एकोणतीसच्या उत्तरेला, चार पावलांवर.

ती बराच वेळ काही टाइप करत नाही.
बाहेर उर्मास फळ्यांवरचा बर्फ खरवडतोय.

मग एकोणतीसचं पान उघडून
एंडेलची ओळ आहे तशी उतरवते,
तारीख त्याची, स्वल्पविरामही त्याचा:
इथे, नेहमीसारखंच.

जतन करते.
खालून मॅक्रो ओ देतो:
एकोणतीस.