सुरगाठ

(गेंट, १८३४ चा हिवाळा)

खडक म्हणजे कोळशाची तीन पोती,
त्यांवर ओली चादर, चादरीवर प्लास्टर.
समुद्र अजून यायचा होता.
राक्षस मात्र हजर: भुसा भरलेली सुसर,
औषधवाल्याकडून उसनी आणलेली,
शेपूट उंदरांनी कुरतडलेलं.

साहेब म्हणाले, गोडेलीव्ह, घाबर.
म्हटलं, कशाला?
म्हणाले, मरणाला.

मागच्या थंडीत धाकट्याला
कालव्यातून आकडीने ओढून काढलं होतं मी.
तेव्हा तोंड असं उघडं नव्हतं माझं,
केसही असे पसरले नव्हते.
दात आवळले होते, एवढंच आठवतं.
पण तासाचे पैसे ठरले होते,
म्हणून छतावरच्या ओलीच्या डागाकडे
डोळे लावले, ओठ सैल सोडले.
"वा!" साहेब म्हणाले, "आता हलू नकोस."

गाठ काही त्यांना जमेना.
दोनदा दोर सुटून पायांत पडला.
मी मालाच्या होडीवर वाढलेली.
शेवटी मीच सांगितलं: इकडून घ्या,
खालून काढा, आता ओढा.
डावा हात माझा मीच बांधला.

गुरुवारी शूरवीर आला.
बेकरीतला सेव्हेरीन, भुवयांत पीठ,
भाल्याच्या जागी पाव काढायचं लांब उलथणं.
नाटकवाल्यांचं पत्र्याचं शिरस्त्राण
डोक्यात गेलं ते गेलंच.
आतून आधी हसू, मग खोकला,
मग नुसती धाप.
साहेब रंगाचे हात वर धरून
घिरट्या घालत राहिले.
मी टोक ओढलं, खडकावरून उतरले,
त्याच्या कानांमागे साबण चोळला,
खांदे गुडघ्यांत धरले
आणि उपसलं एकदाचं डोकं.
रडत होता. सतरा वर्षांचा.
मग परत वर चढले.
उजेड चालला होता.

प्रदर्शन रविवारी फुकट असतं.
सुसर आग ओकते आहे.
सेव्हेरीनला दाढी, वर घोडाही.
हात माझे नाहीत,
सोड्याने कधी न फुटलेल्या कुणाचे तरी आहेत.
माझ्या पुढची बाई रुमालाने डोळे टिपत होती.
नवरा म्हणाला, बिचारी!
मी मागे वळून पाहिलं, कोण म्हणून.

पण गाठ त्यांनी जशीच्या तशी काढलीय.
निरगाठ नव्हे.
आणि तिचं मोकळं टोक
त्या गोऱ्या करंगळीपासून
दोन बोटांवर.

रखवालदार ओरडला,
बाई, हात लावायचा नाही.