मौजा खैरबोडी, रिठासह

नकाशात गाव नेमकं घडीवर आलंय.
उघडून-मिटून कागद तिथेच विरला,
'खैर' शाबूत आहे, पुढची अक्षरं गेली.
तहसिलातला बाबू म्हणाला,
ताई, राहिलेलं तुमच्या मनानं भरा.

मी इथलीच. सुकाजी कोतवालाची मुलगी.
बाप दवंडी पिटायचा, मी खानेसुमारी करते.
दारं तीच आहेत.
तो सांगत जायचा, मी विचारत जाते.

भूगोल आधी, शाळेत असाच क्रम नव्हता,
पण इथे पाण्यावाचून काही सुरूच होत नाही.
मध्ये बोडी. कोहळ्यांनी बांधलेली,
पार अशी की दोन बंड्या आमनेसामने आल्या
तर एकालाच मागं जावं लागतं,
आणि कोण जाणार यावर अख्खी दुपार जाते.
पारीच्या पोटात तुडुम, उत्तरेला सलंग,
सलंगाखाली धानाच्या बांध्या,
बांध्या संपल्या की झुडपी जंगल,
कागदावर सरकारचं,
बाकी शेळ्यांचं.

सरकारी भाषेत आमच्या बोडीला 'मामा तलाव' म्हणतात.
माजी मालगुजारी, त्याचं ते आखूड रूप.
मी लहानपणी वाट बघायची,
हा मामा दिवाळीला काही घेऊन येतो का.
येतो. उन्हाळ्यात ओसरताना
पोवन ठेवून जातो चिखलात,
उपटताना कोपरापर्यंत हात काळे.

आता इतिहास, तो पलीकडच्या काठाला आहे.
गाव तिकडं होतं.
मानमोडीचा ताप आला त्या साली
चौदा दिवसांत एकवीस घरांच्या चुली विझल्या,
आणि उरलेले लोक रात्रीतून बोडी ओलांडून इकडं आले.
धिवरांनी डोंग्यातून आणलं.
माणसं, बकऱ्या, जात्याची एकेक तळी,
एक नवरी, हळद न उतरलेली.
कापगते पाटील म्हणाला, देऊ काय तुम्हाला?
धिवर म्हणाले, मासोळी.
बोलणं झालं. कागद झाला नाही.
आज बोडीचा लिलाव पंचायतीत होतो,
आणि पातीराम तुमसरे दरवर्षी उभा राहून
तेच बोलणं पुन्हा बोलतो.
ग्रामसेवक म्हणतो, ठराव क्रमांक सांगा.

तिकडं उरलं ते रिठ.
पाच चिंचा, एक पांढरी,
नांगर लागला की वर येणारे चुलीचे दगड.
पण नकाशावाल्यानं आधीच टिंब दिलं होतं,
ते त्यानं हलवलं नाही.
म्हणून पाहुणे चुकतात, टपाल चुकतं,
मोबाईलचा नकाशाही सोयरिकीला आलेल्या लोकांना
चिंचेखाली आणून सोडतो
आणि म्हणतो, आपण पोहोचलात.

माझ्या यादीत दोन ओळी आहेत.
खैरबोडी : घरं एकसष्ट.
खैरबोडी रिठी : उजाड. लोकसंख्या निरंक.
दुसरी ओळ बसल्या जागी भरली असती तरी चाललं असतं.
पण बाप प्रेतालासुद्धा निरोप देऊन यायचा, अशी त्याची ख्याती;
मी पातीरामला म्हटलं, डोंगा काढ.
फाल्गुनातलं पाणी, वल्ह्याला गाळ लागत होता.

रिठात बिरजा कुंभरे होती.
मोहाखालची जागा झाडून लख्ख,
बाजूला टोपली, मडकं, घोंगडं,
राख अजून कोमट.
मी छापील प्रश्न विचारला,
काल रात्री कुठं झोपलीस?
'येथंच. पंधरा राती झाल्या.
मोहा पाहाटं पडते, बाई,
मानूस जागेवर नसला त हरनं खातत.'
मग माझ्या कागदाकडं बघून,
'मंग माले कोठं लिवतस? येथं का तेथं?'

नियमावली पिशवीत होती, काढली नाही.
वर कुठंतरी एक फूल सुटलं,
पानावर टप्प वाजलं.
निरंकच्या शेजारी मी पेन्सिलीनं एक ओढला,
बारीक,
खोडता येईल असा.

काठावरून पातीराम ओरडत होता,
लवकर चला, डोंगा रुततो.
बिरजानं ओंजळभर मोहा माझ्या पिशवीत टाकला,
कागदांवरच.
घरी येऊन पाहिलं तर घडीवरचा नकाशा ओला,
आणि वास असा की
आई म्हणाली, रिठातून आलीस का?