साठ हर्ट्झ

जुबैलचा कॅम्प, खोली दोनशे चौदा.
कपाट रिकामं करून मी त्यात उभा राहिलो.
दोन रजया, एक सतरंजी, फटीत टॉवेल,
आणि एसी बंद.
ऑगस्टात एसी बंद म्हणजे काय
हे इथे राहिलेल्याला सांगायला नको,
न राहिलेल्याला सांगून उपयोग नाही.

साजिद तुंगेकर बाहेर, मोबाइलवर वेळ लावून.
"चार मिनिटं. वर एक सेकंद झाला तर दार उघडणार,
मग तुझा सूर मेला तरी चालेल."
पेटी आदल्या शुक्रवारीच वाजवून ठेवलेली,
डग्गा म्हणून पाण्याचा वीस लिटरचा कॅन.
गाणं कशाचं ते सोडा.
चाल माझी, शब्दही माझेच, कुणी विचारत नव्हतं तेव्हाचे.

सात ट्रॅक. शेवटच्याचं नाव ‘आवाज फायनल खरा फायनल’.
कॅम्पचं नेट रात्री दोननंतर जरा हलतं;
पहाटेच्या शिफ्टच्या बसने हॉर्न दिला
तेव्हा एकाहत्तर टक्के गेलं होतं.

मिक्स करणारी बाई ल्युब्लियानाची. नाव नेझा.
चेहरा पाहिलेला नाही, भाव पाहिला:
दीडशे रियाल, मास्टरिंग धरून,
दोन दुरुस्त्या त्यातच, तिसरीचे वेगळे.

तिचं पहिलं पत्र तीन ओळींचं.
‘सगळ्याच्या खाली एक गुणगुण आहे, साठ हर्ट्झची.
आमच्या तारा पन्नासवर गुणगुणतात.
तुम्ही कुठे आहात?’

मी रिफायनरीत प्रेशर गेज तपासतो,
काटा खोटं बोलत असला तर मला लांबून कळतं.
पण अकरा वर्षं ज्या भिंतींमध्ये झोपलो
त्यांचा सूर कोणता, हे कधी मोजलं नव्हतं.
आमच्या गावच्या ताराही पन्नासवाल्याच.
म्हणजे पत्ता दिला नाही तरी
वीज चहाडी करते, माणूस कुठे आहे त्याची.
मी लिहिलं: फ्रिज आहे तो.
बंद करता आला नाही, आत सहा जणांचं मटण होतं.

आठवड्याने गाणं आलं.
स्वच्छ.
इतकं स्वच्छ, की माझ्याच आवाजाला
मी उठून खुर्ची दिली असती.
घशातली धूळ गेलेली,
कॅन चक्क डग्ग्यासारखा घुमतो,
पेटीची ती चिकटणारी काळी पट्टीसुद्धा वेळेवर उठते.
खाली तिने लिहून दिलेलं:
गुणगुण काढली. खोकला काढला.
दोन मिनिटं अकरा सेकंदांपासून मागे कुणी पुरुष गात होता,
सुरात नव्हता. काढला.

साजिद.
सेकंद मोजता मोजता
अंतरा त्याने नकळत उचलला असणार.
मंगळवारी त्याला फायनल एक्झिट लागली.
दोरीने आवळलेला खोका, त्यावर मार्करने श्रीवर्धन,
बसच्या पायरीवरून म्हणाला, "येतो."
आपल्यात जातो म्हणत नाहीत.

पहिली दुरुस्ती: मागचा माणूस परत हवा.
ती म्हणाली, तो अर्धा स्वर खाली आहे.
मी म्हणालो, माहीत आहे.

दुसरी दुरुस्ती: अजून थोडा.
दाराबाहेर उभा आहे, तेवढाच.
तिने विचारलं, दार किती जाड?
मी उठलो, कपाटाच्या दाराला पट्टी लावली.
प्लायवूड, अठरा मिलिमीटर. आतून रजई.

तिसरी मी मागितलीच नव्हती.
तिनेच रात्री उशिरा विचारलं,
पैसे नकोत, पण फ्रिजही परत ठेवू का?

मी खुर्ची मागे वळवून पाहिलं.
दाराची रबर फाटलेला, वर कुणाचीतरी चावी,
साठवर नीट लागलेला.
लिहिलं: नको, तो इथेच आहे.

आत आता पाच जणांचं मटण.