घड्याळ थांबलं की चित्र

ग्युम्रीत भिंती काळ्या दगडाच्या,
दीड हात जाड,
आणि भूकंपानंतर जिथं सांधल्या
तिथं त्याहून जाड.
वायफाय जिन्यापर्यंत येतं
आणि अवघडलेल्या पाहुण्यासारखं
दाराशीच बूट काढत बसतं.

झिरायर मास्तर फोनवर म्हणाले,
"म्हेर रोस्तोवहून घड्याळ दाखवतो.
माझाच शिष्य, पण हात अजून घाईचा.
नेमकं तोलचक्र बघायला जावं
तर पडदा गोठतो.
मला कळत नाही पोरी,
घड्याळ थांबलं की चित्र."

म्हणून मी आले.
पिशवीत तळहाताएवढं नेटवर्क कार्ड,
वीस मीटर निळी वायर
आणि पेनड्राइव्हवर ड्रायव्हर,
कारण ड्रायव्हर मिळतो इंटरनेटवर
आणि इंटरनेट चालतं ड्रायव्हरवर.
त्या विहिरीत मी एकदा पडलेय.

मशीनचं मूळचं पोर्ट जूनमध्येच गेलं होतं,
गच्चीवर वीज कडाडली त्या रात्री.

प्लग काढला.
बटण एकदा उगाच दाबलं,
आत उरलीसुरली असेल ती जावी म्हणून.
पत्रा सरकवला.
बारा वर्षांची धूळ, मांजराचे केस
आणि जर्दाळूची एक बी.
मास्तरांनी ती उचलून खिशात टाकली,
नातवाचं नाव घेतलं नाही.

बाहेर उणे अठरा. अंगात लोकरी स्वेटर.
आधी खोक्याच्या लोखंडाला बोट लावलं,
अंगातली ठिणगी तिथं उतरवली.
मागची पट्टी काढली, कार्ड खाचेवर धरलं,
दोन अंगठ्यांनी सरळ दाबलं.
बसलं, म्हणाले मी.

"नाही."
मास्तरांच्या डोळ्यावर भिंग कधी चढलं
मला कळलंच नाही.
"डावीकडं केसभर वर आहे."

होतं.
अर्धं बसलेलं कार्ड
बसल्यासारखंच दिसतं.
पुन्हा दाबलं. कट्.

मग स्क्रू सुटला हातातून,
एक, दोन, तीन ठिकाणी वाजला
आणि गप्प झाला.
मी खोकं उचलून हलवायला गेले
तर म्हातारा असा ओरडला
जणू मी तान्हं मूल उलटं धरलंय.
टेबलाच्या खणातून पितळी चिमटा आणला.
सकाळपासून ज्या हातातली कॉफी
बशीत सांडत होती
तो हात पंख्यामागच्या अंधारात गेला
आणि स्क्रू घेऊन परत आला.
आटेही त्यांनीच फिरवले.
शेवटचा अर्धा आटा सोडून दिला.
"पुरे. धातूलाही श्वास लागतो."
आमच्या धंद्यात असं कुणी म्हणत नाही.

भिंत फोडावी लागली नाही.
जुन्या टिनच्या शेगडीचं धुराडं
जिथून बाहेर जायचं
ते भोक चिंध्या कोंबून अजून तसंच होतं.
चिंध्या काढल्या. गार वारा आला.
त्याच्यामागून वायर.

ड्रायव्हर चढवला, वायर खोचली.
एक हिरवा दिवा लागला, स्थिर.
शेजारी नारिंगी, लुकलुकणारा.
मास्तर गुडघ्यांवर बसले
मशीनच्या पाठीशी,
खिशातलं घड्याळ काढलं
आणि मोजू लागले.

"ताल नाही याला. तुझं काम कच्चं आहे."

"ती टिकटिक नाही मास्तर. ते बोलणं आहे.
बोलताना कुणी ताल धरतं का?"

"शहाणा माणूस धरतो."

तेवढ्यात पडद्यावर म्हेर आला,
मिशा, मागं कुणाचं तरी वाळत घातलेलं पांघरूण,
आणि कॅमेऱ्यापुढं धरलेलं उघडं घड्याळ.
तोलचक्र जात होतं, येत होतं,
एकदाही न अडखळता.
"मास्तर, दिसतंय का? मास्तर?"

मास्तर अजून खालीच.
नजर नारिंगी दिव्यावर.
"म्हेर," ते टेबलाखालून म्हणाले,
"जरा गप्प बस बघू."

म्हेर गप्प बसला.
दिवा मात्र थांबला नाही.
तिकडं चाक फिरत होतं ना.