चोरखिसा

बेबीबाई खडसे ब्लाउज घेऊन आली.
सुनेनं पुण्याहून पाठवलेला, हुक मागच्या बाजूला.
"पुढं घे," म्हणाली.
मी म्हटलं, पाठीवर छान दिसतं गं.
"दिसते तं. पन लावून देईन कोन?"
मग मी उसवायलाच घेतलं.
पाच हुक होते. सहावा माझ्याकडचा लावला,
सगळ्यात वर, कारण दगा देतो तो नेहमी वरचाच.

मानेशी लेबल असतं, टोचणारं.
त्यावर धुवायच्या खुणा असतात:
पाण्याचं टोपलं, त्रिकोण, इस्त्रीवर फुली.
आमच्याकडे कपडा नाल्यातल्या दगडावर आपटतात,
त्या दगडाची खूण अजून मला कुठल्या लेबलावर दिसली नाही.
कापलेली लेबलं मी बिस्किटाच्या डब्यात टाकते.
अंगणवाडीतली पोट्टी त्यांच्या नोटा करतात,
एका लेबलाला दोन बोरं.

दिवाळी सरली की वेचणी.
उजाडता बाया रस्त्यानं निघतात
साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवून.
पऱ्हाटीची वाळली बोंडं मनगटं ओरबाडतात,
म्हणून कफाचं बटण शाबूत लागतं,
बाकीची गेली तरी चालतात.
कफाच्या बटणाचे मी पैसे घेत नाही.
शर्टाला छातीवर खिसा असतो.
त्यात वजनाची चिठ्ठी, खर्ऱ्याची पुडी,
डोकं दुखलं तर एखादी गोळी.
संध्याकाळी शर्ट खुंटीवर गेला
की चिठ्ठी पदराच्या गाठीत, पुडी कमरेला,
आणि फोन कुठं, ते सांगायला नको.
मागच्या उन्हाळ्यात घामानं तीन फोन मेले या गावात.

आड्यांची रोशनी, आठवीतली,
आर्णीच्या बाजारातून जीन्स घेऊन आली.
खिशाची शिवण होती, दुहेरी, पिवळ्या दोऱ्याची,
कोपऱ्यावर पितळी टिकली.
बोट काही आत जाईना.
ब्लेडनं फाडून पाहिलं तिनं घरीच,
तर मागं कापडच नाही, थेट मांडी.
"काकी, हे तं खिशाचं चित्र हाय!"
मी जुन्या धोतराचं अस्तर लावलं,
मनगट बुडेल इतकं खोल.
दोन्ही हात आत घालून ती दारात उभी राहिली,
तिचा भाऊ पानठेल्यावर उभा राहतो तशी,
एक पाय वाकडा,
कितीतरी वेळ, कुठं जायचं नसल्यासारखी.

ते पाहूनच मी परकरांना हात घातला.
नाडीच्या खाली चार बोटं, डावीकडे, आतून.
चेन लावली तर वीस रुपये, नुसता खिसा पंधरा.
याला चोरखिसा म्हणतात.
पैसा तिचा, परकर तिचा,
यात चोर कोण, ते मला शिवताना कधी कळलं नाही.
पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत एकेचाळीस शिवले.
सरपंचीणबाईचे दोन, ते अंधार पडल्यावर.

एक दिवस वासुदेव ढोके आला,
प्लास्टिकच्या पिशवीत बायकोचा परकर.
पिशवी मशीनवर ठेवली, म्हणाला,
"बाईच्या परकराले खिसा कायले?"
मी पायडल थांबवलं.
"तुमच्या बंडीले किती हायेत, भाऊ?"
तो मोजायला लागला, हातानंच, छातीपासून.
"वरचा एक. हे खालचे दोन."
मग हात आत गेला, काखेजवळ, आणि तिथंच राहिला.
बाहेर ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ बसली,
तरी हात तिथंच.
"थो बापानं शिवून घेतला होता," म्हणाला,
"त्याच्या मापाची बंडी हाय हे."

मी काही विचारलं नव्हतं.

थोड्या वेळानं पिशवी माझ्याकडे सरकवली.
"चेन अडकते म्हन्ते. तिनंच धाडलं मले."

चेन खरंच अडकत होती, तिसऱ्या दातावर.
मेणबत्ती घासली, दोनदा वरखाली केली.
आत काहीतरी वाजलं.
तो माझ्याकडे पाहत होता, मी चेनकडे.
पूर्ण लावली आणि घडी करून दिली.