काळा ठिपका, डावी बरगडी

भोसरीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं
मी फिल्म उजेडाला धरून पाहिल्या:
पंपाची बॉडी, ट्रॅक्टरचं हाउसिंग, व्हॉल्व्ह.
काळा ठिपका दिसला की तांबडा खडू.
फुली. परत भट्टीत.
कुणाशी वाद नाही, कुणाची भीड नाही.

आज एरंडवण्यात, तळघरात,
बागवान मॅडम माझ्या दंडाला पट्टा आवळतात.
सिरिंजला शिशाचं वेष्टण. हातातल्या जडपणावरून ओळखलं,
फिल्मवर शिशाचे आकडे चिकटवण्यात माझी बोटं गेली.
"सकाळी सातलाच गाय पिळली," त्या म्हणतात,
मग माझं तोंड बघून हसतात:
कोपऱ्यातल्या त्या डब्यातून रोज ताजं काढायचं,
सहा तासांत निम्मं, उद्यापर्यंत नावाला.

टोचल्यावर काहीच झालं नाही.
ना गरम, ना चक्कर. उपाशी यायचंही नव्हतं;
पोहे खाल्ल्याचं मी उगाच लपवलं.

"आता तीन तास. पाणी पीत राहा, लघवीला जात राहा.
आणि आज गरोदर बाईजवळ बसू नका."
प्राचीला सहावा महिना.
ती फाटकाबाहेर रसवंतीच्या बाकावर,
मी आत निळ्या खुर्चीत,
मधे पार्किंग आणि पेंगणारा वॉचमन.
फोनवर विचारते, बाबा, दोन बाटल्या संपल्या?
हो, म्हटलं.
एकच संपली होती.

संडासात पाटी: बसून करावी. दोनदा पाणी सोडावे.
खाली कुणीतरी पेनानं: पालिकेने सोडले तर.

माझा नंबर लागेपर्यंत दोन वाजले.
किल्ल्या, नाणी, पट्टा ट्रेमधे.
अरुंद फळी, हात अंगासरशी बांधलेले,
नाकाच्या वर चार बोटांवर ती चौकोनी थाळी.
आवाज जवळजवळ नाहीच.
आम्ही कास्टिंगवर बाहेरून किरण मारायचो.
हे यंत्र काही सोडत नाही.
किरण माझ्यातूनच निघतात,
ते नुसतं टिपून घेतं,
टाळूपासून टाचेपर्यंत, मुंगीच्या चालीनं.
वीस मिनिटं. हलायचं नाही.
नेमकी तेव्हाच पोटरीला खाज.

मग पडद्यावर मी: करड्या कणाकणांनी जमलेला.
मूत्राशय काळंभोर. ते चालतं म्हणे.
गुडघे गडद. ते वयाचे.
डावी बरगडी, सातवी. एक ठिपका.

हात आपोआप खिशाकडे गेला.
खडू नव्हता.

"तिरके दोन फोटो अजून घेते," मॅडम म्हणाल्या.
मी विचारलं नाही.
"मधे कुठे पडला होतात?"
दिवाळीत. बोपोडीच्या सिग्नलला, स्कूटरवरून.
प्राचीला सांगितलेलं नाही.
त्यांनी लिहून घेतलं.
"सांगितलंत ते बरं. हाड जिथे स्वतःला सांधत असतं
तिथेही हे औषध जास्त ओढलं जातं.
कशामुळे, ते डॉक्टर बघतील. रिपोर्ट उद्या."

एकतीस वर्षं माझ्या लेखी काळं म्हणजे पोकळ,
धातू पोचलाच नाही अशी जागा.
इथे काळं म्हणजे वर्दळ.
आत कुणीतरी रात्रपाळी करतंय,
भिंत बांधतंय.
जुन्या पडझडीची डागडुजी
की घरात कुणी शिरलंय म्हणून,
ते उद्या.

(किती कास्टिंग मी भट्टीत परत घातली असतील.
त्यातलं एखादं, नुसतं थांबून
त्याला विचारायला हवं होतं का?
नाही. लोखंड सांधत नाही स्वतःला.
तरीही.)

परतताना दोन रिक्षा केल्या.
प्राचीची पुढे, माझी मागे.
म्हात्रे पुलावर तिची ओढणी बाहेर फडफडत होती,
आत घे म्हणून मी इकडे एकटाच ओरडलो.
रिक्षावाल्यानं आरशात बघितलं.
घड्याळात चार दहा.
टोचलं तेव्हा दहा दहा होते.
म्हणजे निम्मं झालं.

फोन वाजला. बाबा, पाणी?
दुसऱ्या बाटलीचा तळ मी उजेडाला धरून पाहिला.
संपली, म्हटलं. खरंच.