मधलं नाव

ओझरच्या कारखान्यात बाबा विमानांचे पंख जोडायचे,
रशियन इंजिनिअरांबरोबर काळा चहा पिऊन घरी यायचे
आणि पिशवीत, मेथीच्या जुडीखाली,
एखादी जाडजूड कादंबरी. मराठीत आणलेली,
पण वास ग्रीसचा.

सुरुवातीला मी नावांतच हरवायचे.
एकाच बाईला चार हाका :
लाडाची, रागाची, नोकरांनी मारायची,
आणि एक अदबीची, जिच्यात तिचा बाप असायचा.
आई भाकरी थापता थापता ऐकायची.
म्हणायची, बर्फ सोडला तर सगळं आपल्या पिंपळगावचंच.
तिथल्या मावश्याही जमीन मोजूनच जावई निवडतात.

एक गोष्ट मात्र मी आईला सांगितली नाही.
तिथे लग्नात आडनाव जायचं,
बाप राहायचा.
नवरा मेला, नवरा सोडला, तरी राहायचा.

कारखान्यातला दुभाषी, नागसेन पगारे,
सीबीएसवर मला लांबून हाक मारायचा :
हेमलता दामोदरोव्ना!
पेरूवाली वळून बघायची.
मी रागावल्यासारखं करायचे.

कादंबरीतल्या प्रेमावर रात्र रात्र बोलणारे बाबा
त्या दिवशी फक्त आडनाव विचारून गप्प झाले.
मग पिशवीत नुसती मेथी.

वैशाखात, पंचवटीतल्या कार्यालयात,
ताटात तांदूळ पसरले. अंगठीनं लिहिलं गेलं :
सुनेत्रा रघुनाथ बोरस्ते.
फोटोग्राफर म्हणाला, वहिनी, हात काढा, नाव दिसू दे.
नंतर कुणीतरी ताट उचललं.
त्या तांदळाचं काय झालं, विचारायचं राहूनच गेलं.

वाईट काही झालं नाही, हेही सांगायला हवं.
रघुनाथ माणूस चांगला. बागेतला पहिला घड
अजून मलाच आणून देतो.

परवा बाबांच्या खात्यासाठी बँकेत गेले.
वारस : हेमलता दामोदर खैरनार.
ह्या कोण? काउंटरवरचा पोरगा पडद्याकडे बघत म्हणाला.
मग म्हणाला, मॅडम, प्रतिज्ञापत्र लागेल,
दोघी एकच असल्याचं.

कोर्टाबाहेर टायपिस्टनं काही न विचारता
सवयीचा मजकूर बडवला, वाचूनही दाखवला :
दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून,
कोणाच्याही दबावाखाली न येता, राजीखुशीनं…

करा सही.

मी पेनाचं टोपण काढलं.
कुठल्या नावानं?
त्यानं घड्याळ पाहिलं.